आरशासारखा पिस्टन

२३ ऑगस्ट, मारबत

तेलाच्या कंपनीच्या माणसानं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर लोणच्याच्या बरणीखाली होती. आजपासून लिहून राहिली. कारण एकच, बोलायले माणूस उरला नाही. माझे मालक आनंदराव माघात गेले, अन् ज्यायच्यावर दिवसभर तोंड चालवायचं तेच गेले. सौरव, माझा पोरगा, ऐकत नाही. सून रितिका ऐकते, पण ऐकून उत्तर देते. ते त्याहून वाईट.

सकाळी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली. सारं नागपूर ओरडून राहिलं होतं, रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा. मी गच्चीतून हात जोडले अन् मनातल्या मनात म्हटलं, माय, हे भैताड ड्रायव्हर तेवढे घेऊन जा. कारण कालच आणखी एक टेम्पो परत आला. इंजिन जाम. माघापासून असंच चालू आहे. आनंदराव होते तेव्हा आमच्याकडून गेलेलं इंजिन कधी परत आलं नाही, अन् आता लोकं धड गाडी चालवत नाहीत, तेल पाहत नाहीत, अन् दुकानासमोर येऊन भांडतात.

आमचं दुकान कॉटन मार्केटच्या मागे. खाली दुकान, वर घर. जुनी इंजिनं उघडायची, घासलेलं सिलेंडर नीट करायचं, नवे पिस्टन बसवायचे. हे करणारे नागपुरात ढीगभर आहेत, पण पिस्टन आरशासारखा चमकवून बसवणारं दुकान एकच. अन् चमकवते मी. माझ्या बापाचं भंडाऱ्याले पितळी भांड्यायले पॉलिश करायचं दुकान होतं. समया, घंट्या, गडवे, सारं माझ्या हाताखालून गेलं. लग्न होऊन इथे आली अन् पहिल्यांदा डब्यातला नवा पिस्टन पाहिला तेव्हा मले किळसच आली. बाजूनं बारीक बारीक रेघा, नवीन तव्याले असतात तशा. कंपनीले नीट घासायचा कंटाळा, दुसरं काय. मी तो बफच्या, म्हणजे पॉलिशच्या, चाकावर धरला अन् असा चमकवला की आनंदरावांनी त्यात स्वतःची मिशी पाहिली. तेव्हापासून हेच आमचं नाव.

सौरव आज जेवताना म्हणाला, "आई, आता एक जरी इंजिन परत आलं ना, तं दसऱ्याले शटर खाली. जागा मोबाइलवाल्याले देऊन टाकतो." मोबाइलची कव्हरं विकणारा कोणी पोट्टा त्याच्या मागे लागला आहे. आनंदरावांच्या जागेत प्लास्टिकची कव्हरं टांगणार. मी पुढचा घास घेतला नाही, उठली.

२६ ऑगस्ट

रितिका बुटीबोरीच्या कारखान्यात जाते. तिथं ती काय करते, तं दुसऱ्यायनं बनवलेले तुकडे किती गुळगुळीत आहेत ते यंत्रानं मोजते. यासाठी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकली. मी तं नखानं सांगते.

आज सुट्टी होती म्हणून खाली दुकानात आली. मी चमकवलेला पिस्टन हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला, अन् डब्यातला नवा बाजूले ठेवला. मंग दोघायवर तेलाचा एक एक थेंब सोडला. माझ्यावरचा थेंब सरळ खाली ओघळून गेला. कंपनीवाल्यावरचा पसरून तिथंच राहिला, रेघांत. म्हणते, "आई, वरचं टोपण कितीही चमकवा, चांगलंच आहे, काजळी कमी धरते. पण बाजू चमकवू नका. त्या रेघा मुद्दाम असतात. त्यायच्यात तेल थांबते. तेल नाही थांबलं तं पिस्टन सिलेंडरले कोरडा घासते अन् गरम होऊन अडकते."

मी म्हटलं, तेल वाहायसाठी असते, बसून राहायसाठी नाही. बसून राहायले घरात सौरव आहे.

ती हसली नाही. सौरवही तिथंच होता, तोही हसला नाही. दोघं एकमेकाकडे पाहून राहिले. मले या दोघायचं असं पाहणं अजिबात आवडत नाही. नवराबायकोनं भांडावं, लोकायले समजते तरी काय चाललं ते.

इतकी वर्षं इंजिनं धावली ती काय रितिकाच्या यंत्रानं धावली? हे विचारलं मी. त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. पहिल्यांदाच नव्हतं. खूप बरं वाटलं.

१ सप्टेंबर, महालक्ष्म्यांचं जेवण

पुरण चांगलं झालं. आंबील रितिकानं केली, पातळ झाली. मी काही म्हटलं नाही, फक्त वाटी वाकडी करून दाखवली.

मखरापुढच्या समया मी घासल्या. पाहुण्या बाया म्हणाल्या, देवकीबाई, तुमच्या हातात काय आहे वं, सोनं वाटते. असं आनंदरावही म्हणायचे. गिऱ्हाईक आलं की माझा पिस्टन फडक्यातून काढून त्याच्या तोंडासमोर धरायचे. "पाहा, आमच्या घरातून असा होऊन येते." गिऱ्हाईक खूश. तेवढं कौतुक त्यायले बरोबर जमायचं. बाकी माणूस आळशी नंबर एक.

बाया गेल्यावर भांडी आवरता आवरता रितिकानं विचारलं, बाबा पिस्टन बसवायचे कसे? मी सांगितलं, बसवायचे कसे म्हणजे काय, सौरव बसवते तसेच. फरक इतकाच की सौरव लगेच बसवते, अन् माझ्या मालकायले आधी पाऊण तास आराम लागायचा. मी चमकवून दिलं की हे सारे पिस्टन घमेल्यात घेऊन मागे पाण्याच्या टाकीपाशी जायचे. विचारलं तं म्हणे धुऊन राहिलो. आता मी लख्ख करून दिलेली वस्तू, तिले पाऊण तास काय धुणार? बिडी ओढत असतील. परत यायचे तं डाव्या हाताची बोटं काळी करडी, ओलीचिंब. डावखुरे होते ना. प्रसादाचा हातही डावा पुढे करायचे, मी चारचौघांत टोकायची.

रितिकानं हातातलं ताट खाली ठेवलं. "डाव्या हाताची बोटं करडी?" म्हणे. मी म्हटलं, हो, घाणीत हात घातल्यावर गुलाबी होतील काय?

मंग तेच ताट तिनं दोनदा पुसलं. जास्त खाल्लं असन.

९ सप्टेंबर

खाप्याच्या रुपरावची दुधाची गाडी आली आहे. रोज पहाटे खाप्याहून नागपुरात दूध आणते. आनंदराव होते तेव्हापासूनचा माणूस. इंजिन पार थकलं आहे. सौरवनं उघडलं, नवे पिस्टन मागवले.

रितिकानं कामावर जाता जाता सौरवले सांगितलं की डबा तसाच ठेव, आईले देऊ नको. मी जिन्यात उभी होती, मले ऐकू आलं. आईले देऊ नको! मी काय लहान पोर आहे की पिस्टन तोंडात घालीन?

सौरव जेवायले वर आला तेव्हा मी खाली गेली. डबा उघडला, चारही चमकवले. माझं काम मी केलं. कोणाले विचारायची मले गरज वाटत नाही. सौरवनं खाली येऊन पाहिलं, कपाळाले हात लावला, म्हणे, "आई, काहून करतं तू असं?" मी म्हटलं, तुझ्या बापाचं नाव राहावं म्हणून. त्यावर त्यानं पाना उचलला अन् तेच बसवले. पोरगा मनानं वाईट नाही, फक्त कण्यात दम नाही. रितिकाले दोघायनंही सांगितलं नाही.

१८ सप्टेंबर

रुपरावची गाडी येता येता वाटेत पाटणसावंगीपाशी बंद पडली. इंजिन जाम. दूध सगळं नासलं. गाडी दोरीनं ओढत आणली.

रुपराव ओरडला नाही. ओरडला असता तं मी पाहून घेतलं असतं. तो फक्त म्हणाला, "वहिनी, आनंदराव गेल्यावर दुकानात काहीतरी बिघडलं गा." गडीमाणसाले म्हणायचं गा वहिनीले म्हणते! इतका हवालदिल झाला होता. मी म्हटलं, दुकानात काही बिघडलं नाही, खाप्याच्या रस्त्यात बिघडलं असन, नाही तं तुमच्या तेलात. तो डोकं हलवून बाकावर बसला.

सौरवनं इंजिन उघडलं. माझ्या पिस्टनच्या बाजूवर वरून खाली काळे ओरखडे, मांजरानं बोचकारल्यासारखे. चमक कुठेच उरली नव्हती. हे असं वापरतात लोकं. समई दिली असती तं तिचीही अशीच गत केली असती.

रितिका संध्याकाळी आली, तिनं त्या ओरखड्यायवरून बोट फिरवलं. सौरवनं तिथंच सांगून टाकलं. रुपरावचं इंजिन आपण पुन्हा करून देऊ, अन् दसऱ्याले मोबाइलवाल्याले किल्ली. ठरलं म्हणे.

ठरलं तं ठरलं. बापानं उभं केलं, पोरानं कव्हरं टांगावी. मी पंखा लावून पडली. रडू आलं, ते माझं मले.

२४ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहायले पाहिजे.

उमरेडचा ओमप्रकाश जीप घेऊन आला. कोळसा खाणीच्या रस्त्यावर माणसं ने-आण करते. आनंदरावांनी इंजिन करून दिलं त्याले किती वर्षं झाली ते त्यालेही आठवत नाही. आता जीप थोडा धूर टाकते, म्हातारी झाली. आनंदराव गेल्याचं त्याले माहीत नव्हतं. ऐकून चप्पल काढून दारातच उभा राहिला.

सौरवनं इंजिन उघडलं. मी मुद्दाम खाली आली. मनात म्हटलं, आता दाखवते या दोघायले, माझा पिस्टन इतकी वर्षं कसा टिकते ते. पिस्टन बाहेर काढला, पुसला. वरचं टोपण गुळगुळीत, काजळी पातळशी. अन् बाजूनं सगळ्या रेघा. बारीक, तिरप्या, गोल फिरून साऱ्या अंगावर. रेघारेघांत तेल चकाकून राहिलं होतं.

मी म्हटलं, हा माझा नाही. दुसऱ्या कोणाकडे उघडून आणली गाडी अन् त्यानं माझा काढून हा भंगार बसवला. ओमप्रकाशनं कानाले हात लावला. "आनंदरावांशिवाय या इंजिनाले कोणाचा पाना लागला नाही, वहिनी." मी म्हटलं खोटं बोलून राहिला. उमरेडवाल्यायले मी ओळखते म्हटलं. एकही उमरेडवाला ओळखत नाही, तरी म्हटलं.

रितिकाची सुट्टी होती. तिनं पिस्टन माझ्या हातात दिला. म्हणे, आई, नीट पाहा, या यंत्राच्या रेघा नाहीत. यंत्राच्या आडव्या अन् सरळ असतात. या कोणीतरी हातानं, घासायच्या कागदानं काढल्या.

मी खिडकीत नेऊन पाहिलं. सगळ्या रेघा डावीकडे कलल्या होत्या. उजव्या हातानं घासणाऱ्याच्या अशा येत नाहीत, बफवर जन्म गेलेल्या बाईले हे कोणी शिकवायचं नाही. दुकानाचं लाकडी दार आनंदरावांनी स्वतः रंगवलं होतं, त्यावर ब्रशचे फटकारे असेच कललेले आहेत. मी दाराकडे पाहिलं अन् पिस्टनकडे पाहिलं.

धुऊन राहिलो म्हणे.

मी तिथंच पिंपावर बसली. ओमप्रकाश विचारून राहिला होता, वहिनीले चक्कर आली काय. सौरव पाणी आणायले धावला. मी त्याले म्हटलं, मले काही झालं नाही, मले एकटीले सोडा.

२५ सप्टेंबर

दिवसभर स्वयंपाकघरात भांडी आपटली.

इतकी वर्षं! मी घामाघूम होऊन चमकवायची, हा माणूस गिऱ्हाइकासमोर मिरवायचा, अन् मंग मागे जाऊन माझं सगळं काम कागदानं पुसून टाकायचा. एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतं, देवकी, बाजू चमकवू नको. मी काय त्यायले खाल्लं असतं? बरं, खाल्लं असतं. दोन दिवस बोलली नसती. मंग ऐकलं असतं. ऐकलंच असतं.

रितिका चहा घेऊन आली. म्हणते, त्यायले तुमचं मन मोडायचं नव्हतं, आई. किती जीव होता त्यायचा तुमच्यावर.

मी म्हटलं, "जीव होता तं सांगायचं होतं. मन मोडलं असतं, जोडलं असतं. ज्याले आपण काहीच सांगत नाही त्याले आपण माणूस समजत नाही."

तिनं मान खाली घातली. मले तिच्यावर राग नव्हता. मले त्या माणसावर राग होता, अन् त्याच वेळी तो टाकीपाशी उकिडवा बसलेला डोळ्यांसमोर येत होता, हिवाळ्यात थंड पाण्यात हात घालून, एकेक पिस्टन मांडीवर घेऊन. मी वरून ओरडायची, झालं का नाही अजून? तो म्हणायचा, झालंच. इतका राग अन् इतकी आठवण एकदम येईन असं मले वाटलं नव्हतं. चहा तसाच थंड झाला.

म्हणजे माघापासून जितक्या गाड्या आल्या त्या ड्रायव्हरायनं बिघडवल्या नाहीत. हे मी आज इथं लिहिते, अन् याच्यापुढे याच्यावर बोलणार नाही.

सगळेच ड्रायव्हर हुशार आहेत असं मात्र नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज अवजारांची पूजा. पाने, हातोडे, सिलेंडर बोअर करायचं यंत्र, सारं धुऊन पुसून मांडलं. झेंडूची माळ, हळदकुंकू. उद्या दसरा, उद्या मोबाइलवाला यायचा होता किल्ली घ्यायले. म्हणजे या दुकानातली ही शेवटची खंडेनवमी. रुपरावच्या गाडीचे नवे पिस्टन टेबलावर होते, पूजा झाली की सौरव बसवणार होता.

आता खंडेनवमीच्या पूजेत मळकट वस्तू ठेवायची आमच्यात रीत नाही. माझ्या बापाच्या दुकानात या दिवशी खिळासुद्धा चकाकायचा. अन् शेवटची पूजा. मी सकाळीच चाक चालू केलं अन् चारही पिस्टन चमकवले. टोपणही, बाजूही. हात आपोआप फिरतो. खोटं कायले लिहू, हात आपोआप नव्हता फिरला. मले एकदा, शेवटचं, ते पूर्ण चकाकलेले पाहायचे होते.

पाटावर मांडले तं दिव्याची ज्योत चारही अंगात दिसत होती. सौरवनं पाहिलं, रितिकानं पाहिलं. सौरवनं आरतीचं ताट उचललं. रितिका तं गोड हसून म्हणाली, किती सुंदर दिसून राहिले, आई. मले तेव्हाच खटकलं. ही पोरगी माझं कौतुक कधी करते?

आरती झाली. मी प्रसाद वाटायले वर गेली, ताट विसरलं म्हणून परत आली. रितिका जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत बसली होती. मांडीवर ओढणी, ओढणीत माझा पिस्टन, हातात घासायचा काळा कागद, बाजूले पाण्याची वाटी. मले पाहून तिनं कागद ओढणीत लपवला. म्हणे, काही नाही आई, जरा पुसून राहिली.

माझ्या डोक्यात एकदम आगच गेली. हीसुद्धा! सगळं बोलून झालं, सगळं कळून झालं, अन् तरी हीसुद्धा. उद्या सौरव करेन, परवा या दोघायले होईन ते पोरगं करेन, अन् मी वर बसून समजीन की माझ्या हातात सोनं आहे.

"उठ तिथून," मी म्हटलं. ती घाबरली. म्हणे, आज सण आहे आई, आज भांडण नको म्हणून मी...

"भांडत नाही. बाहेर ये. इथं उजेडात बस, माझ्यासमोर. अन् घास."

तिले वाटलं मी टोमणा मारून राहिली. मी स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसली. म्हटलं, "जे पुसायचं ते माझ्यादेखत पुसायचं. माझ्यामागे या घरात आता काही धुवायचं नाही."

ती बसली. पहिल्यांदा कागद इतका हळू फिरवला की काहीच झालं नाही. मी म्हटलं, जोर दे, कारखान्यात काय हलवा खाते? मंग तिनं जोर दिला. सौरव आवाज ऐकून बाहेर आला, आम्हा दोघींकडे पाहून दारातच थांबला. मी त्याले म्हटलं, उभा काय राहतं गा, त्या मोबाइलवाल्याले फोन लाव. जागा रिकामी नाही म्हण.

"आई, पण रुपरावची गाडी..."

"रुपरावची गाडी नागपुरात दूध आणीन. न आणली तं तू मले सांग, माझ्या तोंडावर. आता लाव फोन."

त्यानं पिस्टनकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, अन् फोन काढून रस्त्यावर गेला.

रितिका घासत राहिली. चमक एका बाजूनं जायले लागली, आधी धुरकट झाली, मंग करडी. त्यात मले माझं तोंड दिसत होतं ते हळूहळू दिसेनासं झालं. मले पाहवत नव्हतं. तिनं एकदा विचारलं, आई, तुम्ही वर जाता का? मी नाही म्हटलं. चौथा पिस्टन होईपर्यंत मी तिथून उठली नाही.